आबांची दाढी

रविवार, रात्री

आज दादा-वहिनीच्या बाळीचं जावळ काढलं. मामाच्या मांडीवर बसून बयेने आधी न्हाव्याचा हात ओरबाडला, मग भोकाड पसरलं. पांढऱ्या धोतरावर केस पडले आणि उन्हात त्यांचा रंग लपेना. शेजारच्या काकूंना राहवलं नाही. "तांबडेच की गं! कॅम्पातला कोण गोरा म्हणायचा हा तुमच्यात?" सगळ्या हसल्या. वहिनी हसली नाही.

डॉक्टरांना मागेच दाखवलंय. पोराचे केस तांबूस दिसले की पहिली शंका कुपोषणाची येते, ती रास्तच. प्रथिनं कमी पडली की केसांचा काळेपणा उतरतो. त्यांनी वजन घेतलं, पायावर बोट दाबून सूज बघितली. बाळी नाचणीची आंबील वाट्यावर वाट्या पिते. ते कारण तिथंच मिटलं.

मग उरतं रक्त. केसांत दोन रंगद्रव्यं असतात, एक काळं-तपकिरी, एक तांबूस-पिवळं. त्यांचं प्रमाण ठरवण्यात १६व्या गुणसूत्रावरच्या एमसी१आर या जनुकाचा मोठा हात. लाल केसांशी त्याचं नातं १९९५ साली उघड झालं. त्याची बदललेली प्रत आईकडून एक आणि बापाकडून एक मिळाली, तरच सहसा केस लाल होतात. एकीवर भागत नाही. म्हणजे काकूंचा तो गोरा वहिनीच्या माहेरी येऊन गेला असं धरलं, तरी त्याला आमच्या घरीही यावं लागेल! बोट मात्र बाईकडेच. आमच्या बेळगावचा किल्ला इंग्रजांनी १८१८ मध्ये घेतला. तेव्हाच्या कुणा गोऱ्याची एक प्रत आठ पिढ्या खाली एखाद्या वंशजापर्यंत पोचायची शक्यता २५६ मध्ये १. शिवाय गोरा लागतोच असंही नाही, जनुकातला बदल कुठल्याही घराण्यात नव्याने होऊ शकतो.

जेवणं झाल्यावर खानापूरची आज्जी सहज बोलून गेली, "तुमच्या आबांची दाढी तांबूसच होती की. डोकं काळंभोर. रोज घोटायचे, म्हणून कुणाच्या ध्यानात नाही."

मी ताडकन उठले. एकच प्रत असली तर नेमकं असं दिसू शकतं, डोकं काळं आणि दाढी तांबूस. आणि आबा म्हणजे आमच्या आईचे वडील. दादाने आमच्या मामाचीच पोरगी केलीय, म्हणजे ते वहिनीचेही आजोबा. त्यांची प्रत दादापर्यंत यायची शक्यता ४ मध्ये १, वहिनीपर्यंतही तेवढीच, पुढे दोघांकडून बाळीला मिळायची पुन्हा ४ मध्ये १. गुणाकार ६४ मध्ये १. चाचणी केलेली नाही, पण काकूंच्या साहेबापेक्षा आबा मला कितीतरी पटतात. (नात्यातल्या लग्नांत अशा लपलेल्या प्रती भेटतात त्या फक्त केसांच्याच नसतात. हे दादाला सांगायचंय, पण आज पाहुणे होते.)

वहिनीला सगळा हिशेब मांडून दाखवला. तिने शांतपणे ऐकला आणि म्हणाली, "मग उद्या काकूंच्यात आंबिलीचा डबा घेऊन तूच जा, आणि आबांची दाढीपण सांगून ये. मी गेले तर भांडण होईल बघ."