बरणीतून आलेला नमुना

सोमवारी सकाळी आमच्या प्रयोगशाळेत आलेला स्तनाचा नमुना लोणच्याच्या रिकाम्या प्लास्टिक बरणीत होता. शस्त्रक्रिया शनिवारी संध्याकाळी तालुक्याच्या एका लहान रुग्णालयात झाली होती आणि रुग्णाच्या मुलाने ती बरणी मांडीवर धरून एसटीने आणली होती. नमुना कुजू न देता टिकवणारे फॉर्मॅलिन हे द्रावण नमुन्याच्या किमान दहापट असावे लागते. येथे तो जेमतेम अर्धा बुडाला होता आणि त्याला एकही काप दिलेला नव्हता. फॉर्मॅलिन तासाला साधारण १ मिलिमीटर आत मुरते, त्यामुळे मी सुरी फिरवली तेव्हा वरचा थर राखाडी व घट्ट, तर आतला भाग अजून लालसर आणि गिळगिळीत निघाला.

कर्करोगाचे निदान साध्या स्लाइडवर झाले. अडचण आयएचसीला, म्हणजे पेशींमधली ठरावीक प्रथिने रंगाने दाखवणाऱ्या तपासणीला आली. या तपासणीत इस्ट्रोजेन रिसेप्टर (इस्ट्रोजेन हार्मोनला पकडणारे प्रथिन) असलेल्या पेशींची केंद्रके तपकिरी रंगतात आणि १ टक्का केंद्रके रंगली तरी अहवाल पॉझिटिव्ह धरतात. येथे एकही रंगले नव्हते. पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) आणि हर-टू हे तिसरे प्रथिनही निगेटिव्ह होते. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ असे लिहून मी सही करणारच होते, तेवढ्यात गाठीशेजारच्या निरोगी दुग्धनलिकांवर नजर गेली. त्यांतल्या काही पेशी तरी रंगायलाच हव्या होत्या, पण त्याही कोऱ्या होत्या. रंग पडताळण्यासाठी सोबत ठेवलेल्या कंट्रोल स्लाइडवर मात्र रंग नीट चढला होता. म्हणजे दोष रसायनांचा नव्हता, बरणीतल्या त्या दोन रात्रींचा होता.

मी मुलाला फोन करून आधीच्या सुईच्या बायोप्सीबद्दल विचारले. “मॅडम, तो मेणाचा तुकडा आहे घरी. टाकून देणार होतो,” तो म्हणाला. खर्च वाचावा म्हणून त्या वेळी आयएचसी केलेली नव्हती. (रुग्णांना ब्लॉक, म्हणजे नमुना बसवलेला मेणाचा तुकडा, देताना तो काय आहे हे आपण दोन वाक्यांत का सांगत नाही, हे मला आजही उमगत नाही.) दुसऱ्या दिवशी त्याने रुमालात बांधलेला ब्लॉक माझ्या टेबलावर ठेवला. सुईने काढलेले धाग्याएवढे तुकडे फॉर्मॅलिन लगेच पिऊन घेतात, त्यामुळे मला आशा होती.

नवी स्लाइड भिंगाखाली घेतली, तर जवळजवळ प्रत्येक केंद्रक गडद तपकिरी होते. त्याच्या आईचे वय ५८. पहिला अहवाल तसाच गेला असता, तर किमान ५ वर्षे रोज घ्यायची हार्मोनची गोळी त्यांना कोणी लिहून दिली नसती. मी दोन्ही निकाल आणि त्यांतल्या फरकाचे कारण अहवालात नोंदवले आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाही फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी फॉर्मॅलिन किती घ्यायचे आणि काप कुठे द्यायचा, हे विचारून घेतले.

ब्लॉक परत घेताना मुलाने विचारले, “फ्रीजमध्ये ठेवू का, मॅडम?” मी म्हटले, “गरज नाही. फाइलसोबत कपाटात ठेवा. फक्त उन्हात, गाडीच्या डिकीत राहू देऊ नका.”