बांगडा खरपूस तळला होता तरी

मे महिन्यातली दुपार. ओपीडी उरकत आली होती आणि कराडजवळच्या एका गावातलं घरच्या घर आत शिरलं. सासू, सून, मुलगा, तिघांचे चेहरे आणि माना लालभडक. डोकं ठणकतंय, छातीत धडधडतंय, मुलाच्या अंगावर गांधी उठलेल्या. नातू तेवढा ठणठणीत, त्यानं माशाला हातच लावला नव्हता.

"जेवून अर्धा तास झाला नसंल बगा," सासूबाई म्हणाल्या. शेजाऱ्यांनी 'ॲलर्जी' ठरवून टाकली होती. पण तिघांना एकाच जेवणातून नवी ॲलर्जी कशी होईल? तीही जन्मभर बांगडा खाणाऱ्या घरात! चव कशी होती विचारलं, तर सून म्हणाली, "जिभेला चुरचुरत होतं. मला वाटलं मिरपूड जास्त पडली."

झालं, निदान तिथंच लागलं. बांगडा, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा बर्फाविना राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि वासाला मासा बरा लागू शकतो. ॲलर्जीत शरीर स्वतः सोडतं तेच हे द्रव्य, इथं ते ताटातून आलेलं.

सासूबाईंना मात्र हा स्वयंपाकावर ठपका वाटला. "अवं डाक्टर, चांगला खरपूस तळलाय की! कच्चा न्हाई घातला कुनाला."

खरं होतं त्यांचं. नीट शिजवलं की व्हिब्रिओसारखे समुद्री जिवाणू मरतात. पण जिवाणूंनी आधीच करून ठेवलेलं हिस्टामिन तळून, उकळून, कुकरच्या शिट्ट्या देऊनही जात नाही.

ॲलर्जीवरचंच इंजेक्शन दिलं, रक्तदाब बघत थांबवून घेतलं. संध्याकाळपर्यंत लाली उतरली. मग चौकशी. चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढून आलेला मासा, बाजारातून मोटारसायकलच्या हँडलला पिशवी, वाटेत बँक, खतांचं दुकान. घरी वीज गेलेली, मसाला लावून ओट्यावर. मुलगा मासेवालीला शिव्या घालायला लागला. बिघाड तिच्या पाटीत झाला की याच्या पिशवीत, हे मी कसं सांगणार? त्याला थर्माकोलचा डबा आणि बर्फ न्यायला सांगितलं. केसपेपरवर 'माशाची ॲलर्जी नाही' असं मुद्दाम लिहिलं, नाहीतर पुढचा डॉक्टर यांचा बांगडा कायमचा बंद करायचा.

निघताना सासूबाई दारात थांबल्या. "रस्सा उरलाय थोडा. परत कडकडीत उकळला तर?"

"टाका, मावशी. मांजरालाही घालू नका."