सीमेवरची ३१ सेंटिमीटरची पायरी

दुपारी साडेतीनला दोन्ही देशांचे पुराचे नकाशे पहिल्यांदाच एका पडद्यावर शेजारी शेजारी बसले आणि सीमेवर पाण्याला पायरी पडलेली दिसली. वरच्या अंगाला पाणी ३१ सेंटिमीटर उंच आणि मध्ये पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ. एवढी पायरी बंधाऱ्यापाशी पडली असती तर समजलं असतं, पण तिथे बंधारा नाही. सपाट पूरमैदान आहे, दीड किलोमीटरमागे जेमतेम एक मीटर उताराचं. अशा जमिनीवर ३१ सेंटिमीटर म्हणजे पूररेषा साडेचारशे मीटर इकडे की तिकडे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दोन्ही सरकारांची बैठक होती. नदीला पसरायला जागा मिळावी म्हणून खालच्या देशातला जुना मातीचा बांध किती मागे घ्यायचा, ते याच नकाशावरून ठरणार होतं.

मी एका नदी आयोगाच्या तांत्रिक कक्षात काम करते. नदी युरोपातली. देशांची नावं इथे देत नाही, एकाला वरचा आणि दुसऱ्याला खालचा म्हणते. दोन्ही युरोपीय संघाचे सदस्य आहेत, त्यामुळे कायदा एकच. २००७ सालच्या पूर निर्देशाप्रमाणे सामायिक नदीचे पूरनकाशे करण्याआधी शेजाऱ्यांनी एकमेकांना माहिती देणं बंधनकारक आहे, आणि आपल्या उपाययोजनेने वरच्या किंवा खालच्या देशाचा पुराचा धोका लक्षणीय वाढेल असं काही त्यांच्या संमतीशिवाय करता येत नाही. त्याच वर्षीचा दुसरा कायदा म्हणजे इन्स्पायर निर्देश. पर्यावरण धोरणासाठी लागणारा भौगोलिक डेटा ३४ विषयांत मांडून, ठरलेल्या साच्यात सगळ्या सरकारांना एकमेकांना देता आला पाहिजे, असं तो सांगतो. कागदावर सगळं जागच्या जागी होतं. डेटा वापरण्याच्या परवान्याच्या पत्रव्यवहारात आमचे कित्येक महिने गेले, पण शेवटी तोही हातात आला होता.

पायरी दिसल्यावर पहिला संशय उंचीच्या शून्यावर. समुद्रसपाटीपासून इतके मीटर असं आपण सहज म्हणतो, पण कोणता समुद्र आणि त्याची कोणती पातळी, हे प्रत्येक देशाने आपापलं ठरवलेलं असतं. नेदरलँड्स आम्सटरडॅमच्या शून्यावरून मोजतं. शेजारच्या बेल्जियमचं शून्य ऑस्टेंडच्या ओहोटीच्या पातळीवर, म्हणजे त्याहून सुमारे २.३ मीटर खाली. स्वित्झर्लंडची उंची मार्सेयच्या समुद्राशी बांधलेली आहे आणि जर्मनीची आम्सटरडॅमशी, म्हणून ऱ्हाइनच्या दोन काठांवर एकाच पातळीचे आकडे २७ सेंटिमीटरने वेगळे येतात. याच दोन देशांमध्ये, ऱ्हाइनवर, लाउफेनबुर्गचा पूल बांधताना हा फरक सगळ्यांना माहीत होता, हिशेबातही धरला होता, पण चिन्ह उलटं पडलं. वजा करण्याऐवजी अधिक झालं आणि दोन बाजूंमधला फरक ५४ सेंटिमीटर निघाला. काम चालू असताना, २००३ मध्ये, ते लक्षात आलं. आमच्या धंद्यात येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट कोणी ना कोणी सांगतंच, आणि सांगायलाच हवी.

आमच्या नदीवर दोन शून्यांमधला फरक १९ सेंटिमीटर. तो मिटवण्यासाठी वरच्या देशाची फाइल आली की आमची स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, ती आपोआप युरोपीय उंची प्रणालीत बदलते. मग पायरी का? पाणी कुठवर चढेल ते संगणकावर काढणारं पुराचं मॉडेल बाजूला ठेवून मी नुसती जमीन तपासली. सीमेवरचा तीन किलोमीटरचा पट्टा दोन्ही देशांनी मोजलेला आहे. त्यातला एक डांबरी रस्ता घेतला आणि दोन्हीकडच्या उंचीची वजाबाकी केली. शंभरेक ठिकाणी, आणि सगळीकडे १९. मोजणीतली चूक अशी शिस्तीत येत नाही, ती कुठे चार, कुठे उणे सहा अशी विखुरते. सगळीकडे एकच आकडा येतो तेव्हा कोणीतरी शून्य हलवलेलं असतं.

वरच्या देशाच्या सर्वेक्षण खात्यातल्या बाईंना फोन लावला. आमची कित्येक वर्षं पत्रांतून ओळख, पण आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मी प्रश्न पुरा करायच्या आत त्या म्हणाल्या, "मार्चपासून आमची सेवा युरोपीय उंचीतच डेटा देते. तुम्हाला कळवलं होतं." कळवलं होतं हे खरं. ते पत्र खालच्या देशाच्या मंत्रालयात, नकाशा विभागात पोचलं होतं आणि तिथून पुढे सरकलं नव्हतं. फाइलच्या मेटाडेटात, म्हणजे फाइलसोबत येणाऱ्या तिच्याबद्दलच्या माहितीत, मात्र अजून जुन्या राष्ट्रीय प्रणालीचाच कोड होता. आमच्या स्क्रिप्टने तो कोड वाचला आणि आधीच रूपांतरित झालेल्या उंचीत आणखी १९ सेंटिमीटर घातले. डेटा कुठून आला, त्यावर काय काय प्रक्रिया झाली, हे लिहायची एक जागा मेटाडेटात असते आणि इन्स्पायरच्या २००८ च्या नियमांनुसार ती भरणं सक्तीचं आहे. ती भरलेली होतीच. 'राष्ट्रीय सर्वेक्षणावरून तयार', एवढंच. तपासणीच्या प्रणालीने रकाना रिकामा नाही ना एवढं पाहिलं आणि फाइल आत घेतली. मीही तो रकाना कधी डोळ्यांनी वाचला नव्हता. ती चूक माझी.

स्क्रिप्ट दुरुस्त केली, मॉडेल पुन्हा चालवलं. सात वाजून गेले होते. १९ सेंटिमीटर गेले. १२ राहिले.

माझा सहकारी अनुभवी आहे आणि त्याने सुचवलं ते काही भलतंच नव्हतं. सीमेवर दोन नकाशांच्या कडा जुळवून घ्यायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, रस्ते आणि कालवे जोडताना आम्ही ती रोज वापरतो. "१२ सेंटिमीटर दोन किलोमीटरवर पसरून टाकू. नजरेला दिसणारही नाही," तो म्हणाला. मला ते पटलं नाही. रस्ता जोडताना तो सलग आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. इथे पाण्याची खरी पातळी कोणती तेच ठाऊक नव्हतं, आणि त्या पातळीवर बांधाची जागा ठरणार होती.

मग दोन्ही देशांच्या मॉडेलना काय काय खायला घातलंय ते एकेक करून समोर मांडलं. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा विसर्ग दोघांचा सारखा. पात्राचे छेद सारखे. राहिला जमिनीचा खडबडीतपणा. पूर पसरला की गवतावरून पाणी सरसर जातं, झाडीत अडतं आणि तुंबून वर चढतं. हे मॉडेलला मॅनिंगच्या गुणांकातून सांगतात. आखूड गवताच्या कुरणाला ०.०३, दाट झाडोऱ्याला ०.१, म्हणजे तिपटीहून जास्त. नदीकाठी सीमेच्या अलीकडे-पलीकडे विलोच्या झाडांचा एक लांबट पट्टा आहे. वरच्या देशाच्या मॉडेलमध्ये तो वन होता. खालच्या देशाच्या मॉडेलमध्ये, त्याच तीन किलोमीटरच्या सामायिक तुकड्यात, तीच झाडं कुरण होती.

दोघांचंही बरोबर होतं, आणि हेच मला अजून सुटत नाही. वरच्या देशाने दिला होता जमीन आच्छादनाचा डेटा, म्हणजे वरून पाहिलं तर तिथे काय उभं आहे. खालच्या देशाने दिला होता जमीन वापराचा डेटा, म्हणजे त्या जमिनीचा उपयोग काय होतो. तिथे गुरं चरतात, विलोच्या खालीही चरतात, म्हणून दप्तरी कुरण. इन्स्पायरमध्ये हे दोन वेगळे विषय आहेत, आच्छादन दुसऱ्या परिशिष्टात आणि वापर तिसऱ्या. आमच्या फोल्डरमध्ये मात्र दोन्ही फाइलींना नाव एकच दिलेलं होतं, 'जमीन'. ते ज्याने दिलं त्याला दोष देत नाही. घाईत मीही तेच दिलं असतं.

वन या शब्दाचंही तेच. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत अर्धा हेक्टर क्षेत्र, पाच मीटर उंची आणि दहा टक्के छत्र, म्हणजे झाडांच्या माथ्यांनी झाकलेली जमीन, असलं की वन होतं. पण हवामान करारांखाली उंची दोन ते पाच मीटर आणि छत्र दहा ते तीस टक्के यांच्या दरम्यान देशांना आपापला उंबरठा निवडायची मुभा दिली गेली. तेव्हा एकाचं वन दुसऱ्याचं झुडूप असू शकतं आणि दोघेही नियमातच असतात.

खालच्या देशाच्या मॉडेलमध्ये तेवढा पट्टा झाडोरा म्हणून भरला आणि पुन्हा चालवलं. पावणेतीन तास लागले. रात्री साडेअकराला फरक आला दोन सेंटिमीटर. दहा सेंटिमीटर पाणी एका शब्दाने अडवून धरलं होतं.

बैठकीत मी जोडलेला नकाशा नेला नाही. पायरीसकट नेला, १२ सेंटिमीटरची रेघ जाड करून, आणि त्यावर विलोचा पट्टा दोनदा काढून, एकदा हिरवा, एकदा पिवळा. खालच्या देशाचे उपसचिव म्हणाले, "कोणाचा बरोबर ते सांगा." मी सांगितलं की पट्टा कुरण धरला तर तुमचा बांध दहा सेंटिमीटर बुटका होईल, आणि झाडोरा धरायचा तर तो किती दाट आहे ते मोजावं लागेल, कारण ०.१ हाही पुस्तकातला आकडा आहे. त्यांचा पुढचा प्रश्न लगेच आला, "मग विलो तोडले तर पाणी उतरेल का?"

उतरेल, असंच उत्तर होतं. मी ते दिलं. पण वरच्या देशाच्या निसर्ग विभागाच्या अधिकाऱ्यांनी तेवढ्यात आपल्या लॅपटॉपवरून तिसरा लेयर चढवला, संरक्षित क्षेत्रांचा. नदीकाठचं विलो-अल्डरचं वन हा १९९२ च्या अधिवास निर्देशात अग्रक्रमाचा अधिवास आहे आणि त्यांच्या बाजूचा पट्टा नातुरा २००० मध्ये, म्हणजे युरोपीय संघाच्या संरक्षित क्षेत्रांच्या जाळ्यात, नोंदलेला होता. हिरवा रंग सीमेपर्यंत आला आणि कापल्यासारखा थांबला. खालच्या देशाच्या निसर्ग खात्याचा एक तरुण अधिकारी मागच्या रांगेत बसला होता. त्याच्या खात्याकडे या पट्ट्याची नोंद कुरण म्हणून असल्यामुळे तो पाहायला कधी कोणी गेलंच नव्हतं. तो उठून पडद्याजवळ आला, रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "पलीकडची ही फाइल मला आत्ता मिळेल?" मिळाली. परवाना होता, सेवा चालू होती, दोन मिनिटांत उतरली.

बांधाचा निर्णय त्या दिवशी झाला नाही. तीन आठवड्यांची मुदत मिळाली. दोन्हीकडच्या माणसांनी मिळून पट्टा पायी मोजायचा, वन की कुरण हा वाद आपापल्या कायद्याकडे ठेवायचा आणि फाइलीत झाडांची उंची, छत्राची टक्केवारी, खोडांमधलं अंतर आणि मोजल्याची तारीख भरायची, असं ठरलं. ज्याला जे नाव लागेल ते त्याने त्या आकड्यांवरून काढावं.

ती फाइल परवा आली. पट्ट्याचे ४१ तुकडे केलेत. काही ठिकाणी खाली खरंच चरून आखूड झालेलं गवत आहे, काही ठिकाणी माणूस आत शिरू शकत नाही इतकी दाटी. मेटाडेटातल्या त्या रकान्यात आता नऊ ओळी आहेत. कोणत्या यंत्राने मोजलं, उंची कोणत्या प्रणालीत आहे, रूपांतर झालंय का आणि कोणी केलं. मी त्या सगळ्या वाचल्या, मग मॉडेल चालू केलं.