मीटर म्हणत होता, जागा आहे

सकाळी सहाच्या फेरीत आमच्या सांडपाणी केंद्रातल्या एरेशन टँकचा, म्हणजे जिथे हवा फुंकून जीवाणूंकडून घाण खाववतात त्या टाकीचा, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, लिटरमागे मिलीग्रॅममध्ये) ०.३ दाखवत होता. एरवी तो दोनच्या आसपास असतो. प्रोब पुसून पुन्हा बुडवला, आकडा तोच. स्टँडबाय धरून हवा फुंकणारे सगळे ब्लोअर चालू होते.

त्याच दुपारी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना केंद्राच्या नव्या जोडण्या देण्यावर बैठक होती. टिपणात आमच्या या सामाईक केंद्राबद्दल एकच ओळ होती : क्षमता रोज ५,००० घनमीटर, सध्या येतात ३,०००, म्हणजे ४० टक्के शिल्लक.

लिटरच्या सिलिंडरमध्ये टँकचं पाणी घेऊन अर्धा तास ठेवलं. गाळ, म्हणजे त्या जीवाणूंचेच गोळे, ८५० मिलीलिटरवरच अडून बसला. एमएलएसएस (लिटरमधला कोरडा गाळ) ३,४०० मिलीग्रॅम, म्हणजे एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिलीलिटर जागा घेतो ते) २५०. दीडशेच्या पुढे गेला की क्लॅरिफायरवर, म्हणजे गाळ खाली बसवणाऱ्या पुढच्या टाकीवर, नजर ठेवायची. अडीचशेला गाळ कधीही वेअरवरून, म्हणजे स्वच्छ पाणी बाहेर पडण्याच्या काठावरून, वाहून जाईल असं धरायचं. थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, तर कणाकणातून केसांसारखे तंतू निघून एकमेकांत गुंतलेले. असा गाळ बसत नाही. ऑक्सिजन कमी पडला की या तंतुमय जीवाणूंचं फावतं, कारण त्यांचा पृष्ठभाग जास्त असतो. पण हे एका रात्रीचं काम नव्हे. तो बरेच दिवस कमी पडत असणार.

क्लॅरिफायरच्या तळाचा गाळ एरेशन टँकमध्ये परत नेणारा पंप पूर्ण सोडावा असं ऑपरेटरचं म्हणणं. सगळ्यांचा हात आधी तिकडेच जातो. पण परतीचं पाणीही क्लॅरिफायरमधूनच फिरतं. फार वाढवलं तर त्याच्यावरचा भार उलट वाढतो. थोडा वाढवून थांबलो. आवक इक्वलायझेशन टँकमध्ये, म्हणजे येणारं पाणी साठवून समान करणाऱ्या टाकीत, रोखली. टँक १,५०० घनमीटरची, निम्मी भरलेली. ताशी १२५ च्या हिशेबाने हातात सहा तास. परतीच्या गाळात हायपोक्लोराइट (क्लोरीनचं द्रावण) सुरू केलं, दर हजार किलो गाळामागे दिवसाला दोन किलो क्लोरीन. तंतू कणाबाहेर आलेले असतात म्हणून आधी तेच मरतात. मात्रा जास्त झाली तर कामाचे जीवाणूही जातात आणि आउटलेट गढूळ होतं.

मग कारखान्यांचं पाणी जिथून येतं त्या चेंबरचे रात्रीचे नमुने तपासले. पहाटे दोन ते चार एका स्टार्च युनिटकडून ६० घनमीटर पाणी आलेलं, सीओडी (घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला १९,००० मिलीग्रॅम. पाण्याच्या मापात हे दोन टक्के. घाणीच्या भाराच्या मापात १,१४० किलो सीओडी, म्हणजे दिवसभराच्या एकूण भाराच्या जवळपास १५ टक्के, तेही दोन तासांत. केंद्राची रचना ताशी ३१२ किलोसाठी आहे. हे एकटं युनिट ताशी ५७० देत होतं. शिवाय स्टार्चच्या पाण्यात कार्बन भरपूर, नायट्रोजन कमी. बीओडी (जीवाणूंना घाण खायला लागणारा ऑक्सिजन), नायट्रोजन, फॉस्फरस हे प्रमाण १००:५:१ पासून ढळलं की गाळ आणखी बिघडतो.

बैठकीत फळ्यावर एवढंच मांडलं : रचना ५,००० घनमीटर, सीओडी १,५००, म्हणजे ७,५०० किलो. आज ३,००० घनमीटर, सीओडी २,६००, म्हणजे ७,८००. पाण्याला जागा आहे, भाराला नाही.

नदीत पाणी असतंच की, असं कोणी तरी म्हणालं. पावसाळ्यात असतं. हिशेब उन्हाळ्यातल्या रोडावलेल्या प्रवाहाचा, सेकंदाला अर्धा घनमीटरचा करावा लागतो. आउटलेटचा बीओडी ३० असेल तर नदीचा बीओडी दोनने वाढतो; गाळ वाहून तो १५० झाला तर जवळजवळ दहाने. तेवढ्यात मासे तडफडायला लागतात.

जोडण्या बंद करा असं मी म्हणणार, असा समज दिसला. तसं नव्हतं. रोजगार आणणारं युनिट नाकारून केंद्राचे किलो वाढत नाहीत. मागणी अशी होती की मंजुरी घनमीटरसोबत किलोतही द्यावी, आणि स्टार्च युनिटने घट्ट पाणी वेगळं काढून आधी अनारोबिक, म्हणजे हवेशिवाय चालणाऱ्या जीवाणूंच्या, टाकीतून न्यावं. तिथे ८० टक्के सीओडी गेला तर साधारण ३२० घनमीटर मिथेन मिळतो, बॉयलरला चालतो, आणि हवा फुंकायची वीज लागत नाही. ती टाकी उभी राहीपर्यंत तेच १,१४० किलो चोवीस तासांत सोडावेत. ताशी ४८ किलो केंद्राला जाणवतही नाहीत. त्यासाठी लागतं काय, तर एक साठवण टाकी, एक छोटा पंप आणि वॉल्व्हला कुलूप.

साठवण टाकी आठवड्यात बसली. किलोच्या अटीवर मात्र फक्त 'तपासून पाहू' असा शेरा आला. अठराव्या दिवशी सिलिंडर ४८० वर होता, डीओ १.६. टिपणातली ती ४० टक्क्यांची ओळ अजून तशीच आहे.