पिशवीतली बीपीची गोळी

साताऱ्यातल्या माझ्या मानसोपचाराच्या ओपीडीत एका निवृत्त शिक्षिकेला मुलाने धरूनच आत आणलं. वय अडुसष्ट, अंगाने अगदी काटकुळ्या. यजमान गेल्यापासून जेवण तुटलेलं, पहाटे तीनलाच जाग, कुणाशी बोलणं नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे एसिटालोप्रॅम हे डिप्रेशनचं औषध, 10 मिलिग्रॅम, सुरू झालेलं. पण दुसऱ्या आठवड्यात बाई पेंगायला लागल्या, तोल जायला लागला आणि त्या सकाळी त्यांनी मुलालाच ‘अहो’ म्हणून हाक मारली.

"डॉक्टर, ही गोळीची गुंगी, की आईचं डोकंच गेलं?"

शेजाऱ्यांनी डोस वाढवून घ्यायचा सल्ला दिला होता. (आमच्या शाखेत शेजाऱ्यांना फार गती असते.)

एवढ्या डोसला इतकी गुंगी? मला पटेना. घरातल्या सगळ्या गोळ्या मागवल्या. पिशवीत बीपीची गोळी निघाली, टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड असलेली. वर बीपी म्हणून बाईंनी मीठही जवळपास सोडलेलं.

रक्तातलं सोडियम तातडीने तपासलं. 135 ते 145 हवं, आलं 119. एसिटालोप्रॅमच्या गटातल्या औषधांनी काहींच्या शरीरात पाणी साठून राहतं आणि सोडियम पातळ होतं. लघवी वाढवणारी ती बीपीची गोळी सोडियम आणखी खाली ओढते. त्यात बाईमाणूस, उतारवय, कमी वजन, धोका वाढवणारं सगळं जुळून आलेलं.

फिजिशियनने दाखल करून घेतलं, दोन्ही गोळ्या बंद केल्या. सोडियम घाईने वर आणलं तर मेंदूला इजा होते, म्हणून ते हळूहळूच वाढवलं. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन आलं.

बाई शुद्धीवर आल्या, पण उदासी होती तिथेच. मुलगा म्हणाला, "आता डिप्रेशनची गोळी नकोच, डॉक्टर." त्याची भीती खोटी नव्हती. पण बाई दिवसाला अर्धी भाकरी खात होत्या. मी मिरटाझेपिन हे डिप्रेशनचंच दुसरं औषध सुचवलं, रात्री 7.5 मिलिग्रॅम. झोप आणते, भूक वाढवते, सोडियमला धोका तुलनेने कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे, म्हणून आठवड्याने रक्त पुन्हा तपासायचं, या अटीवर तो तयार झाला.

आठवड्याने सोडियम 136 आलं. झोप लगेच सुधारली, मन उभारी धरायला महिना उलटला, डोसही 15 वर न्यावा लागला. परवा बाई एकट्या आल्या, तक्रार घेऊन: वजन तीन किलो वाढलंय, सगळी ब्लाउजं उसवायला टाकलीत, शिलाई कोण देणार?