क्रॅपीसाठी सामान हलकं, आमिष माशाच्या वर

पूर्व टेक्सासच्या तलावांत क्रॅपी (तिथला गोड्या पाण्यातला एक खाण्याजोगा मासा) पकडायला निघालात, तर रॉड घेण्याआधी या माशाचं तोंड आणि डोळे समजून घ्या. ओठांभोवतीची कातडी कागदासारखी पातळ असते. जोरात हिसका दिला की ती फाटते आणि गळ निसटतो. डोळे डोक्यावर वरच्या अंगाला असल्यामुळे त्याला वरचं आमिष चटकन दिसतं, खालचं तो बहुतेक वेळा सोडून देतो. म्हणून मासे १२ फुटांवर असतील तर आमिष १० ते ११ फुटांवर ठेवा.

रॉड साडेसहा-सात फुटांचा, हलका, शेंड्याला लवचिक असा घ्या. दोरी ४ ते ६ पाउंड ताण सोसणारी मोनोफिलामेंट (नायलॉनची एकेरी तार), बुडालेल्या झाडाझुडपांत ८ पाउंडांची. रिळाचा ड्रॅग (मासा ओढेल तशी दोरी सुटू देणारा ब्रेक) सैलच बरा. मासा लागला की मनगटाने रॉड नुसता वर उचला, दोरी ढिली पडू देऊ नका आणि हातजाळी वापरा. रॉडने हवेत उचललेला मोठा क्रॅपी बोटीच्या कडेशी हमखास सुटतो.

जिग (शिशाच्या डोक्याचा, छोट्या माशासारखा दिसणारा आमिषाचा गळ) १/१६ औंसाचा घेतला की बरंचसं काम भागतं. उथळ, शांत पाण्यात १/३२, वाऱ्यात किंवा खोल पाण्यात १/८. गढूळ पाण्यात पोपटी-पिवळा किंवा काळा, स्वच्छ पाण्यात पांढरा. पण रंगापेक्षा गाठ जास्त महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. उभ्या दोरीवर जिग पाण्यात आडवा राहिला पाहिजे, कारण छोटे मासे आडवे पोहतात. गाठ जिगच्या कडीच्या (जिथे दोरी बांधतात) पुढे सरकली की जिग शेपटी खाली करून लोंबतो आणि मासे जवळ येऊन परत फिरतात. प्रत्येक माशानंतर गाठ नखाने सरकवून कडीच्या माथ्यावर आणा, नाहीतर फासाची मोकळी गाठ मारा.

जिवंत मिनो (आमिषाचा छोटा मासा) वापरायचा असेल तर सरकता फ्लोट (दोरीवर सरकणारं तरंगतं बोंडूक) उत्तम. दोरीत आधी स्टॉपची गाठ (फ्लोटला ठरावीक खोलीवर अडवणारी), मग मणी, मग फ्लोट, शेवटी ४ नंबरचा बारीक तारेचा गळ. गळाच्या फूटभर वर शिशाची छोटी गोळी. मणी विसरलात तर गाठ फ्लोटच्या भोकातून निघून जाते आणि आमिष थेट तळाला बसतं. मिनो पाठीच्या पराच्या मागे, कण्याला धक्का न लावता ओवा. फ्लोट टाकल्या टाकल्या आडवा पडला तर गोळी तळाला टेकली आहे, स्टॉप खाली घ्या. उभा असलेला फ्लोट मध्येच आडवा झाला तर मात्र माशाने आमिष तोंडात घेऊन वर उचललंय. लगेच रॉड उचला. फ्लोट बुडायची वाट पाहणाऱ्यांचे असे कितीतरी मासे हातचे जातात.

बारीक तारेचा गळ फांदीत अडकला तर झटके देऊ नका. सावकाश, सारखा ताण दिला की तार सरळ होऊन गळ सुटतो. पकडीने पुन्हा वाकवा. जाड तारेच्या गळाने मात्र दोरीच तुटते.

वसंतात पाणी ६० ते ६८ अंश फॅरनहाइट झालं की मासे अंडी घालायला २ ते ६ फूट पाण्यात येतात. उन्हाळ्यात ते खोलातल्या झुडपांपाशी शोधा.

टेक्सासमध्ये साधारण नियम दिवसाला २५ मासे, प्रत्येक किमान १० इंच. लेक फोर्क आणि लेक ओ' द पाइन्सवर १ डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर किमान लांबीची अट नाही, पण पकडलेला प्रत्येक क्रॅपी ठेवावाच लागतो: थंडीत मासे खूप खोल असतात, आणि तिथून वर ओढलेला मासा सोडला तरी बरेचदा जगत नाही. त्या दिवसांत २५ पुरे झाले की क्रॅपीचा गळ गुंडाळायचा.