नवतप्यातले सिगार

सिगारच्या चवीबद्दल लिहिणारे लोक पानाबद्दल, मातीबद्दल आणि वळणाऱ्या हातांबद्दल भरभरून लिहितात. ज्या हवेत तो सिगार महिनोन्महिने पडून राहिला तिच्याबद्दल मात्र ओळ-दोन ओळींपलीकडे सहसा कोणी जात नाही. मी रत्नागिरीत राहतो, माझा मावसभाऊ नागपुरात धरमपेठेत राहतो, आणि अधूनमधून एखादा सिगार सावकाश ओढून त्याची वहीत नोंद करण्याची हौस आम्हा दोघांनाही आहे. मध्यंतरी आम्ही माँटेक्रिस्टो क्रमांक ४ च्या एकाच पेटीतले सिगार वाटून घेतले, तरी आमच्या नोंदी काही केल्या जुळेनात. मी लिहिले होते, ‘ओढायला घट्ट, कोको, ओल्या मातीचा वास, मध्येच विझला.’ दादाने लिहिले होते, ‘भराभर जळतो, जिभेला मिरी झोंबल्यासारखे होते, शेवट कडू.’ हा दोन जिभांमधला फरक की दोन गावांच्या हवेतला, हे पाहायचे तर तो सर्वांत ठळक असेल तेव्हाच पाहावे, म्हणून मी मुद्दाम नवतपा निवडला. मे महिन्याच्या अखेरीस, रोहिणी नक्षत्र लागल्यावरचे हे नऊ दिवस विदर्भात उन्हाच्या तडाख्यासाठी ओळखले जातात, आणि त्या दिवसांत स्वखुशीने नागपूरला जाणाऱ्याला घरच्यांची चेष्टा सहन करावीच लागते.

मुंबईहून रात्रीची दुरांतो पकडली. प्रवासाबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. बॅगेत हवाबंद डब्यात सिगार होते आणि डब्याबाहेर एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक होता. रत्नागिरीत घरातून निघताना त्यावर ८१ टक्के दिसत होते. नागपूर स्थानकाबाहेर रिक्षात बसलो तेव्हा आकडा तिशीच्या आत आला होता, आणि दुपारी दादाच्या गच्चीवर सावलीत ठेवल्यावर तो १७ वर येऊन थांबला.

दादाने आल्या आल्या माझा मापक ताब्यात घेतला. “तुझं हे यंत्र खरं बोलून राहिलं का, ते पाहू नं पहिले,” असे म्हणून त्याने बाटलीच्या झाकणात मीठ घेतले, ते ओले होईल पण विरघळणार नाही इतकेच पाणी थेंबाथेंबाने त्यात टाकले आणि झाकण व मापक दोन्ही एका घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून दिले. ओलसर मीठ बंद जागेतील हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर आणून स्थिर ठेवते, त्यामुळे घरच्या घरी मापक तपासण्याची याहून स्वस्त आणि भरवशाची रीत नाही. दुसऱ्या दिवशी माझा मापक ७८ दाखवत होता. म्हणजे त्याच्या प्रत्येक आकड्यातून तीन वजा करायचे. रत्नागिरीचे ८१ हे ७८ झाले आणि गच्चीवरचे १७ हे १४. फरक राहिला तेवढाच.

सिगार साठवताना भोवतालची आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असावी, असे मानले जाते. त्याहून कोरडे झाले की पान तापून जळते, त्यातील सुगंधी तेले उडून जातात आणि धूर तिखट लागतो. त्याहून ओले झाले की आतली पाने फुगतात, ओढ घट्ट होते, सिगार वारंवार विझतो आणि फार काळ तसाच राहिला तर बुरशी धरतो. एवढे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. दादाकडे त्यासाठी स्पॅनिश सीडरच्या लाकडाची अस्तरे असलेली देखणी पेटी आहे, आणि ती त्याने झोपण्याच्या खोलीत, उन्हापासून दूर, कपाटात ठेवली होती. सकृद्दर्शनी यात वावगे काहीच नव्हते.

खरी गोष्ट दुपारी मापक त्या खोलीत नेल्यावर कळली. नागपुरातले घर उन्हाळ्यात कूलरवर चालते. खिडकीत बसवलेल्या कूलरच्या ताट्यांवरून पाणी झिरपते, पंखा त्यातून हवा खेचतो आणि गारव्याबरोबर दमटपणाही खोलीत भरतो. बाहेर गच्चीवर १४ टक्के असताना आत ६८ टक्के होते. रात्री मात्र दादा कूलर बंद करून एसी लावतो, आणि एसी हवेतले पाणी काढून घेतो, त्यामुळे पहाटे त्याच खोलीत मापक ३० च्या आसपास होता. लाकडाची पेटी या कोरड्या दिवसांत आकसते, झाकण पूर्वीसारखे घट्ट बसत नाही, आणि बाहेरची हवा हळूहळू आत शिरत राहते. म्हणजे ते सिगार रोज दुपारी कोकणात आणि रोज रात्री विदर्भात राहत होते. बाहेरचे आवरणाचे पान सर्वांत पातळ, त्यामुळे ते आधी फुगते आणि आधी आकसते. आतला भरणा त्याच्या मागून सावकाश चालतो, आणि या ओढाताणीत आवरणाला बारीक चिरा पडतात. दादाच्या पेटीतल्या काही सिगारांना पेटवण्याच्या टोकाशी अशा चिरा होत्याच.

उष्णतेचा प्रश्न निराळाच. तंबाखूतल्या किड्यांची अंडी २५ अंशांच्या वर झपाट्याने उबतात, आणि एक सिगार पोखरला गेला की शेजारचेही वाचत नाहीत. नव्याने आणलेले सिगार हवाबंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये आणि मग फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवूनच बाहेर काढण्याची दादाची शिस्त म्हणूनच मला पटली.

आता चवीबद्दल. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २००८ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे फुटाळा तलावाच्या काठावर बसून सिगार ओढण्याची कल्पना सुचण्याआधीच बाद होती. आम्ही पहाटे साडेपाचला गच्चीवर बसत असू. तुलनेसाठी एकाच पेटीतून निघालेले तीन सिगार वेगवेगळ्या सकाळी घेतले: एक माझ्या रत्नागिरीच्या डब्यातला, एक दादाच्या लाकडी पेटीतला, आणि एक त्याने माझ्या सांगण्यावरून आधीच हवाबंद डब्यात ६५ टक्क्यांच्या पाकिटासह ठेवलेला. ही पाकिटे ओलावा कमी पडला तर देतात आणि जास्त झाला तर शोषून घेतात. क्रमांक ४ हा सिगार १२९ मिलिमीटर लांब आणि ४२ जाडीचा असतो. जाडीचा हा आकडा इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. सावकाश ओढला तर पाऊण तासाच्या आत संपतो.

लाकडी पेटीतला सिगार पेटवण्यापूर्वी ओढून पाहिला तेव्हाच वास फिका होता. पेटवल्यावर ओढ सैल, धूर गरम, आणि पहिल्या एक-तृतीयांश भागातच मिरीचा झोंबरेपणा. माझ्याकडून झुरके भराभर जाऊ लागले, तसा दादा म्हणाला, “अबे, भट्टी फुंकून राहिला का तू? मिनिटाला एक झुरका पुरे झाला नं.” झुरके कमी केले तरी तो अर्ध्या तासात संपला, आणि शेवटचा भाग नुसता कडू होता. दादाची जुनी नोंद शब्दशः खरी निघाली.

माझ्या डब्यातला सिगार मात्र नागपुरातही रत्नागिरीसारखाच वागला: घट्ट ओढ, ओल्या मातीचा वास, मध्येच विझणे. गच्चीवरची हवा कितीही कोरडी असली तरी पाऊण तासात ती सिगारच्या आत पोहोचत नाही. चव ठरते ती आधीच्या कित्येक आठवड्यांत. तिसऱ्या सिगारने हेच पक्के केले. सुरुवातीला भाजलेल्या कॉफीचा आणि लाकडाचा वास, मध्यभागी साय घातल्यासारखा गोडसर धूर, धूर नाकावाटे सोडला तर मिरीची हलकी चुणूक, आणि राख इंचभर टिकून राहिली. आमच्या दोघांच्या वह्यांत या सिगारला प्रथमच सारखे शब्द मिळाले.

सावजी जेवणाचा बेत मी प्रत्येक वेळी रात्रीवर ढकलला, कारण त्या रश्श्यानंतर जिभेवर कोणत्याही तंबाखूची बारीक चव उमटणे शक्य नाही. सिगारबरोबर आम्ही साधे पाणी घेतले आणि नंतर वहिनींनी केलेले पन्हे. सदर भागातल्या एका दुकानात काचेच्या बरणीत उघडे ठेवलेले सिगारही पाहिले; बोटांत धरून हलके दाबल्यावर करकर आवाज आला, तेव्हा किंमत न विचारताच बाहेर पडलो. बाजूच्या पानठेल्यावर खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, घोटण्याचे काम अखंड चालू होते. तिथल्या गिऱ्हाइकांच्या तोंडातल्या तंबाखूला नावे ठेवण्याचा आम्हाला अधिकार नाही. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून तो निर्धोक ठरत नाही. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही शिरते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतोच. आम्ही एरवी महिन्याकाठी एखाद्याच सिगारवर थांबतो ते यामुळेच.

एका संध्याकाळी कामठीपर्यंत गेलो. इंग्रजांची ही छावणी १८२१ ची, आणि तिथे मद्रासची फौज असे. तिच्याबरोबर तिरुचिरापल्लीचे चिरूटही विदर्भात आले असावेत, असा माझा आपला तर्क. दादाच्या एका स्नेह्याने दिंडीगुलहून आणलेले चिरूट त्याच्याकडे होते. दोन्ही टोके उघडी असल्याने कापायची गरज नाही, आवरण खरखरीत, चव एकसुरी पण प्रामाणिक. खिडकीत कागदात गुंडाळून पडलेला तो चिरूट नवतप्यातही कुरकुर न करता जळला, हे नोंदवण्यासारखे आहे.

पुढच्या पेटीबाबत मात्र आमचे एकमत होईना. मला ५० जाडीचा रोबुस्टो हवा होता, कारण जाड सिगार वाळतोही सावकाश आणि ओलावतोही सावकाश. दादा म्हणाला, “तासभराचा सिगार घेऊन सातच्या उन्हात काय करू मी?” या मुद्द्यावर रत्नागिरीकराकडे उत्तर नव्हते. शेवटी क्रमांक ४ च मागवायचे ठरले. फक्त दोघांनीही आपापला वाटा ६५ च्या पाकिटासह हवाबंद डब्यात महिनाभर ठेवायचा आणि त्यानंतरच वही उघडायची, एवढी अट मी घातली आहे.